सशाचा डावा कान

३ सप्टेंबर

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार घालायला या खोलीत जागा नाही, म्हणून खुर्चीत बसूनच हात जोडते, गोड मानून घे. पत्र अशासाठी, की फोनवर तुझ्या डाव्या कानाला काहीच ऐकू येत नाही, उजव्याला अर्धं येतं आणि उरलेलं तू मनाने भरतेस. मागच्या आठवड्यात मी 'नोकरी लागली' म्हणाले आणि तू घरभर सांगितलंस, 'तिला ठोकर लागली.' आई दोन दिवस माझे पाय तपासत होती.

तर नोकरी लागली! आणि कुठे, तर तुझ्याच छपाईच्या कारखान्यात. वर्तमानपत्र बंद पडल्यावर आठ महिने घरी बसून होते. दादा रोज चहाबरोबर 'चाळिशीनंतर कोण घेतं' हे ऐकवायचा. आता त्याला चहा नुसता प्यावा लागतो.

तुझं काचेचं टेबल अजून आहे, खालून दिवा लागायचा ते. दिवा गेला, पण काच शाबूत आहे आणि तिच्यावर माझा कॉम्प्युटर मांडलाय. उजव्या कोपऱ्यात चाकूच्या टोकाचे बारीक ओरखडे आहेत. ते कुणाचे, हे मी कुणाला विचारलं नाही. थोरले मालक गेले, त्यांच्या जागी धाकटे बसतात. फोरमन मात्र तोच, तुम्ही ज्याला 'पारा' म्हणायचात. केस पिकले, पारा काही उतरला नाही. मला तो 'कॉम्प्युटरबाई' म्हणतो, तेही भिंतीकडे बघून.

माझं काम तुझंच आहे. गिऱ्हाईक धुरकट फोटो नाहीतर जुना शर्ट आणून टाकतं. मी ते चित्र कॉम्प्युटरवर रेषांनी पुन्हा काढायचं आणि रंग वेगळे करायचे. एका रंगाची एक फिल्म, एका फिल्मची एक जाळीची फ्रेम, मग पारा त्या जाळीतून कापडावर शाई ओढणार. तू चाकूने फिल्म कापायचीस, मी माउसने ठिपके जोडते. फरक एवढाच, की माझं बोट कापत नाही.

आता खरी गोष्ट. मालडेपोतल्या कामगारांचा फुटबॉल संघ आहे. अकरा ऑक्टोबरला त्यांचा तिसाव्या वर्षाचा सामना आहे आणि चारशे शर्ट हवेत. हिरव्या वर्तुळात धावणारा विटकरी ससा, खाली काळ्या अक्षरांत संघाचं नाव. नमुना म्हणून त्यांनी एक विटलेला शर्ट पाठवलाय. पारा म्हणाला, हा ससा मुळात इथलाच, 'तुमच्या आत्याबाईंनी कापलेला'. एवढं बोलून तो शाई ढवळायला गेला.

आत्या, काय ससा आहे तो! पळतोय असं नाही वाटत, सुटलाय असं वाटतं. मी आधी आळस केला आणि कॉम्प्युटरलाच सांगितलं, तूच रेषा शोध. त्याने दोन हजार तीनशे ठिपके टाकले. सशाला गोवर आला. सगळे पुसून हाताने काढायला घेतला, तर एकेचाळीस ठिपक्यांत उभा राहिला.

फक्त डावा कान गेलाय. जेमतेम बोटभर खुंट उरलाय. धुऊन धुऊन निघाला असावा, जरी त्याची कड मला जरा जास्तच सरळ दिसते. तुला मूळ चित्र आठवतं का? आणि दोन रंग जिथे भेटतात तिथे तू किती जागा धरायचीस? धाकट्या मालकांनी स्वच्छ सांगितलंय, हे काम साधलं तर मी कायम, नाही साधलं तर चित्रांचं काम बाहेरच्या एजन्सीला आणि मी परत दादाच्या चहाला. लवकर लिही.

तुझी ठिपकी


९ सप्टेंबर

चि. ठिपकीस,

आशीर्वाद भरपूर, पण ते पाकिटात मावत नाहीत.

तुझ्या हनुवटीवरच्या तिळावरून मी तुला ठिपकी म्हटलं, तेव्हा काय ठाऊक, की तू ठिपक्यांवरच पोट भरणार आहेस. कानामागून आली आणि तिखट झाली! एकेचाळीस पुष्कळ झाले. सशाच्या पाठीला तीन पुरतात, पाठ म्हणजे एकच वळण. हात थांबला की रेष अडखळते, मग चाकू असो की उंदीर. (माउसला मी उंदीरच म्हणणार.)

दोन रंग नुसते शेजारी ठेवू नकोस. कापड ताणतं, जाळी हलते, पाऱ्याचा हात रागात असतो. मग दोघांच्या मधून पांढरी फट डोकावते आणि सगळं काम भिकारडं दिसतं. रंगांनी एकमेकांना मिठी मारली पाहिजे. आम्ही मिठीच म्हणायचो. हिरव्याच्या अंगावर विटकरी जरासा चढू दे. मिठी अर्धी ठेव, म्हणजे अर्धा मिलिमीटर. त्याहून जास्त झाली तर सशाला सूज येते.

आता सशाचं. मूळ चित्रात दोन्ही कान होते. उजवा सरळ, डावा किंचित मागे पडलेला, वारा लागल्यासारखा. चित्र माझ्याकडे आहे. पातळ कागदावर पेन्सिलीने काढलेलं, ट्रंकेच्या तळाशी होतं, तेच सोबत पाठवते. घडी जपून उघड. दोन्ही कान काढ. शर्टावर काय दिसतं तिकडे सरळ कानाडोळा कर. कुणाला विचारत बसू नकोस, पाऱ्याला तर नाहीच. दोन कान म्हणजे दोन कान.

मी ठीक आहे. सूनबाई जपते, मुलगा रोज संध्याकाळी उजव्या बाजूला बसून बोलतो. तू त्या टेबलावर बसतेस हे ऐकून बरं वाटलं. म्हणजे फार बरं वाटलं, उगाच कशाला लपवू.

तुझी आत्या


१८ सप्टेंबर

ती. आत्या,

नमस्कार, आणि आज नमस्कारासोबत कपाळाला लागलेली हिरवी शाईही.

आधी फजिती सांगते. तू म्हणालीस मिठी अर्धी, म्हणून मी सशाभोवती अर्ध्या मिलिमीटरची जाड रेष ओढली. फिल्म काढल्या, फ्रेम तयार केल्या. पाऱ्याने पहिला शर्ट ओढला आणि सशाच्या पाठीमागे पांढरी फट, शेपटीपासून मानेपर्यंत! त्याने शर्ट दोन बोटांत धरून माझ्या टेबलावर सोडला. म्हणाला, "कॉम्प्युटरबाई, ससा आणि गवत यांचं भांडण आहे का?" चौघंजण हसले. मी संडासात जाऊन तोंड धुतलं, आणि धुताना थोडी रडलेही, तुझ्यापासून काय लपवायचं.

मग परत बसले आणि रेष मोठी करून बघितली. आत्या, इथली रेष मधोमध बसते! काठाच्या अर्धी आत, अर्धी बाहेर. आतली सशाच्या अंगात जिरली आणि बाहेर उरली पाव. तुझी अर्धी मिठी माझ्या हातून पाव झाली. तुझा चाकू एकाच बाजूने चालायचा, म्हणून तुला हे कधी सांगायची वेळ आली नाही. आता रेष एक मिलिमीटरची केली. अर्धी आत गेली, अर्धी बाहेर राहिली.

दुसरा शर्ट ओढला. पारा भिंग घेऊन वाकला, पाठ बघितली, पोट बघितलं, चारही कोपऱ्यांतल्या जुळवणीच्या फुल्या बघितल्या. मग 'हं' म्हणाला. जुने कारागीर सांगतात, पाऱ्याचं 'हं' चार वर्षांतून एकदा ऐकू येतं.

आणि दोन्ही कान! तुझा कागद काचेवर ठेवून, त्याचा फोटो काढून, त्यावरून ओढले. डावा मागे पडलेला, अगदी वारा लागल्यासारखा. फाइलीला आधी नाव दिलं 'ससा अंतिम'. मग 'ससा अंतिम दोन'. आता आहे 'ससा आता खरंच अंतिम'. उद्या नमुना संघाच्या चिटणिसांकडे जातो.

एक विचारू? दोन कान बघून पाऱ्याचा चेहरा कसानुसा झाला. म्हणाला, "बाईंनी चाकू सोडल्यावर घड्या फार सुरेख घातल्या. तशी घडी परत बघितली नाही." मी म्हटलं, आत्याने चाकू कधी सोडला? निवृत्त होईपर्यंत ती कापतच होती. तो भिंग पुसत बसला. वयाने गोंधळ होत असेल त्याचा, नाही का?

तुझी ठिपकी


२४ सप्टेंबर

चि. ठिपकीस,

पाऱ्याच्या जिभेला हाड नाही. तीन दिवस त्याच्यावर चिडून काढले, मग माझ्यावरच चिडले. आता सांगते ते एकटी असताना वाच.

चाकूची फिल्म म्हणजे दोन पापुद्रे. वरचा कापून सोलायचा, खालच्याला ओरखडासुद्धा लागू द्यायचा नाही. तो ससा कापायला मला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी नुसता डावा कान उरला होता. डाव्या बाजूने कुणीतरी हाका मारल्या म्हणे, तीनदा. मला कुठल्या ऐकू यायला! चौथ्यांदा खांद्यावर हात पडला. मी दचकले आणि चाकू कानातून आरपार गेला, सरळ. कोण होतं ते जाऊ दे. नवीन पोरगा होता, नाव सांगितलं असतं तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवला असता.

दुसरी फिल्म शिल्लक नव्हती आणि तासाभरात फ्रेम हवी होती. मी कापलेली कड नीट केली, मुद्दामच तशी काढल्यासारखी, आणि गप्प बसले. ही माझी चूक. हात सुटला ती चूक नव्हे, गप्प बसले ती.

शर्ट गेले. पंधरा दिवसांनी संघाचा कप्तान शर्ट हातात घेऊन दारात उभा. "हा ससा..." एवढंच म्हणाला असेल, थोरल्या मालकांनी शर्ट बघितला, खुंट बघितला आणि कडाडले. त्याला आधी बाहेर काढलं, मग मला आत बोलावलं. ते गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. मला म्हणाले, "बाई, आता हाताला जरा विश्रांती द्या." मी घडीच्या टेबलावर गेले. अकरा वर्षं, ठिपके. अकरा वर्षं मी शर्टांच्या घड्या घातल्या आणि घरी तुम्हा सगळ्यांना सांगत राहिले, की आज अमकं कापलं, आज तमकं कापलं. तू दहा वर्षांची होतीस, डोळे मोठे करून ऐकायचीस. तुला काय सांगणार होते, की आज दोनशे बाह्या आत दुमडल्या?

तेव्हाच कानाला खडा लावला, पुन्हा चाकू धरायचा नाही. पण तो कागद टाकवला नाही. तुझं पत्र आलं तेव्हा वाटलं, मरायच्या आधी त्या सशाचा कान परत लागेल. तेवढ्यासाठी तुला 'कुणाला विचारू नकोस' म्हटलं. छापून झाला की एक शर्ट पाठव. मला दोन कान बघायचे आहेत.

आत्या


२५ सप्टेंबर

ती. आत्या,

घाईत लिहिते. नमुना परत आला. त्यावर लाल पेन्सिलीने मोठी फुली आणि चारच शब्द: 'हा आमचा ससा नाही'. चिटणीस मालट्रक घेऊन गावोगाव हिंडतात, निरोप आणणाऱ्या बाहेरगावच्या ड्रायव्हरला बाकी काही माहीत नाही. धाकटे मालक म्हणाले, पाच तारखेपर्यंत नमुना पास झाला नाही तर फाइल बाहेरच्या एजन्सीला. वरून हसून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका." आता मन काय फ्रेम आहे, काढून ठेवायला?

शर्टावर एकच कान आहे, आत्या. भिंग लावून पुन्हा बघितलं. ती कड धुण्याने गेलेली नाही, कापलेली आहे. आणि तू शपथेवर सांगतेस दोन. यातलं खरं काय? मला नीट सांग, माझी नोकरी त्या कानाला लोंबकळते आहे.

ठिपकी


२८ सप्टेंबर

चि. ठिपकीस,

आपली पत्रं वाटेत एकमेकींना ओलांडून गेली. माझं मिळालं असेल, म्हणजे खरं काय ते कळलं असेल.

मला वाटतं ते लोक तीस वर्षांपूर्वीचा अपमान विसरलेले नाहीत. कारखाना तोच, ससा तोच, राग तोच. तेव्हा असं कर. माझी दोन्ही पत्रं घे आणि चिटणिसांकडे स्वतः जा. त्यांना वाचून दाखव. सांग, की कान कापला तो माझ्या आत्याने, लपवला तोही तिनेच, आणि ती माफी मागते. माझ्या अब्रूची काळजी करू नकोस, ती ट्रंकेच्या तळाशी पुष्कळ राहिली.

तुझं टेबल जाता कामा नये. एकदा गेलं तेवढं बस झालं.

आत्या


१२ ऑक्टोबर

ती. आत्या,

आज साष्टांग! दार बंद केलं, खुर्ची बाहेर काढली आणि खरोखरच घातला. गुडघा टेबलाला आपटला, पण घातला.

आता बस, पाणी घेऊन बस, आणि सावकाश वाच. मधे उठलीस तर माझी शपथ.

तुझं अकरा वर्षांच्या घड्यांचं पत्र मी कारखान्याच्या जिन्यात वाचलं आणि पायरीवरच बसून राहिले. दुसरं एक तारखेला आलं. तशीच उठले आणि डेपोत गेले. चिटणीस एका ट्रकखाली आडवे होते, नुसते बूट दिसत होते. मी त्या बुटांना सगळं वाचून दाखवलं. 'चाकू कानातून आरपार गेला' इथे आले तशी आतून पान्हा पडल्याचा आवाज आला. म्हणाले, "बाई, ते परत वाचा." परत वाचलं. मग ते ग्रीसने माखलेले बाहेर आले, साठीचा आडमाप माणूस, आणि डेपोभर ओरडत सुटले, "अरे इकडे या रे सगळे, कान सापडला!"

आत्या, तो कप्तान म्हणजे हेच. त्या दिवशी शर्ट घेऊन दारात आलेले. आणि ते तक्रार करायला आलेच नव्हते! त्यांचं वाक्य होतं, "हा ससा असाच ठेवा, आणखी पन्नास शर्ट काढा." थोरल्या मालकांनी 'हा ससा' एवढंच ऐकलं. दोन्ही कान धडधाकट असलेल्या माणसाने अर्धं ऐकलं आणि उरलेलं मनाने भरलं. तुला आम्ही उगाच हसतो.

झालं होतं असं, की संघ तोवर एकही सामना जिंकला नव्हता. त्या शर्टात पहिल्यांदा उतरले तेव्हा समोरचे लोक चिडवायला लागले, "एककान्या, एककान्या!" यांना राग आला आणि रागाने तीन गोल झाले. तेव्हापासून ते स्वतःच स्वतःला एककान्या म्हणवतात. गोल झाला की डावी मूठ कानापाशी धरतात, कापलेल्या कानासारखी, आणि उजवा हात ताठ वर. दुसऱ्या गावच्या छापखान्याने तीस वर्षं तुझा खुंट जसाच्या तसा उतरवला. तो बंद पडला म्हणून ते आपल्याकडे आले, आणि मी त्यांच्या सशाला कान लावून पाठवला! दुसरा कान म्हणजे यांच्या लेखी दुसऱ्याच संघाचा ससा. चिटणीस म्हणाले, "माफी कसली मागता? तीस वर्षं आम्ही विचारतोय, हे सुचलं कुणाला. आम्हाला वाटायचं, कुणी मोठा चित्रकार असणार."

परत आले आणि फाइल उघडली. बाकी ससा एकेचाळीसवरून मी एकोणतीस ठिपक्यांवर आणला होता, पाठीला तीनच. कान नमुन्यावरून काढला. तुझा काप एका दमात गेलाय, ठिपके लागले फक्त दोन, इकडे एक आणि तिकडे एक. कॉम्प्युटरने विचारलं, कोपरे गोल करू का? मी त्याला म्हटलं, हात लावशील तर याद राख. फाइलीचं नाव आहे 'आत्याने कापलेला', आणि त्याच्यापुढे अंतिम वगैरे काही नाही.

चार तारखेला नमुना गेला आणि चिटणिसांच्या अंगठ्याचा ग्रीसचा ठसा घेऊन परत आला. दोन दिवसांत चारशे शर्ट. एकाही शर्टावर फट नाही. धाकटे मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "ते टेबल आता तुमचं." मी म्हटलं, ते आधीपासून आमच्या घरातलंच आहे. मग जीभ चावली, पण ते हसले.

आता ते राहिलं, जे तू सांगितलं नाहीस. पहिली फ्रेम लावताना फोरमनकाका थांबले. (आता मला त्यांना पारा म्हणवत नाही.) भिंतीकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाले, "खांद्यावर हात मी ठेवला होता. नवीन होतो, तुमच्या आत्याबाईंना डावीकडून ऐकू येत नाही हे माहीत नव्हतं. चहा आलाय एवढंच सांगायचं होतं. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मी रोज घडीच्या टेबलापाशी शर्ट नेऊन ठेवायचो आणि रोज ठरवायचो, आज बोलू. अकरा वर्षं ठरवत होतो." डोळे भरून आले होते, आणि हात मात्र शाई अशी सरळ ओढत होता, की काय सांगू.

काल सामना झाला. तारेचं कुंपण, लाकडी बाकं आणि चारशे पांढरे शर्ट. आम्ही जिंकलो! 'आम्ही' म्हणते आहे, बघ. दोन-एक. शेवटचा गोल झाला आणि चारशे माणसं उठली. डाव्या मुठी कानापाशी, उजवे हात वर, म्हातारे, बायका, गोलकीपर, तिकडचे दोन पंचसुद्धा. मग चिटणिसांनी कर्णा घेतला आणि सांगितलं, की हा कान ज्यांच्या हातून कापला गेला त्या बाई दूरच्या शहरात राहतात, आणि आज त्या आपल्यात नसल्या तरी त्यांची भाची आहे. आत्या, त्यांनी टाळ्या नाही वाजवल्या. चारशे जणांनी माझ्याकडे वळून तीच मूठ धरली. मी रडले, भर मैदानात, आणि या वेळी तोंड धुवायला गेले नाही. तुला उचक्या लागल्या असतील, पाचच्या सुमारास.

सोबत शर्ट पाठवते. पहिला ओढलेला आहे. घडी फोरमनकाकांनी घातली आहे. म्हणाले, बाईंसारखी जमली नाही असं कळवा.

तुझी, आणि आता कायम नोकरीतली,
ठिपकी


१८ ऑक्टोबर

चि. ठिपकीस,

उचक्या लागल्या नाहीत, खोटं कशाला बोलू. पाचच्या सुमारास मी मोजे जोडत होते आणि एक मोजा सापडत नव्हता.

शर्ट आला. साडीवरूनच चढवला. सूनबाई म्हणाली, "आई, हे काय?" मी म्हटलं, हा माझा ससा. मग मुलाला उजव्या बाजूला बसवला आणि सगळं सांगितलं, अकरा वर्षांच्या घड्यांसकट. मला वाटलं, वाईट वाटेल त्याला. तर म्हणतो कसा, "तरीच शाळेत माझा शर्ट सगळ्यांत नीट असायचा." इतकी वर्षं मी हे कशाला लपवत होते देव जाणे.

आरशासमोर उभी राहिले आणि डावी मूठ कानापाशी धरली. जमते. तशीच गच्चीत गेले आणि समोरच्या वकीलबाईंनाही दाखवली. त्या घाबरल्या. असू दे.

कान भिंगातून बघितला. दोन ठिपके बरोबर पडलेत. मिठीही चोख आहे, पोटाखालीसुद्धा. मला तो कान परत लागायला हवा होता ना? आता कुणी लावायला आलं तर मी त्याचा हात धरीन. माझ्या हाताची सगळ्यांत सरळ रेष ती, आणि ती चुकून निघालेली. पण माझी आहे. तू सगळ्यांना सांग, न लाजता सांग.

पाऱ्याला कळव, की त्या दिवशीचा चहा अजून बाकी आहे. आणि घडी साफ चुकली आहे. बाही आधी आत घ्यायची, मग कड, आणि चित्र वरती दिसलं पाहिजे, त्याने सशाचं नाक दुमडलंय. हे पत्राने शिकवता येत नाही. मी येत्या सोमवारी सकाळच्या गाडीने येते आहे. काचेच्या टेबलाखाली नवा दिवा तेवढा लावून ठेवा.

आणि मला कुणी हाक मारायची असेल, तर उजव्या बाजूने.

तुझी
एककानी आत्या